तोंड कोरडं, छाती कोरडी

दवाखान्यात लोक काय काय विसरून जातात! छत्र्या, डब्याची झाकणं, एकेकट्या चपला, एकदा तर अख्खी कवळी. काही महिने आम्ही सांभाळतो, मग कुसुम सिस्टर ओरडते, "मॅडम, याचं काय लोणचं घालू?" किस्स्यांचंही तसंच आहे. पेशंट बरा होऊन घरी जातो, किस्सा इथंच ठेवून जातो. परत न्यायला कोणी येत नाही. आणि ते फेकायची कुसुम सिस्टरचीही हिंमत नाही, कारण निम्मे तिचेच आहेत!

आमचा दवाखाना पांढरकवड्याला, हायवेपासून जरा आत. खाली माझा नवरा डोळे तपासतो, वर मी बाकीचं सगळं बघते. पेशंटच्या भाषेत, "डोळे खाली, जीव वर." कुसुम सिस्टर दोन्ही मजले चालवते आणि वेळ उरला तर आम्हालाही.

लोकांना वाटतं, भारी किस्से भारी औषधांचे असतील. अजिबात नाही. माझ्याकडे सगळ्यात जास्त किस्से जमा केले ते एका जुन्या, साध्यासुध्या खानदानाने. खानदानाचं नाव अँटीमस्कॅरिनिक. नाव ऐकून घाबरू नका, मीही घाबरले होते. काम सोपं आहे. आपल्या शरीरात एक निरोप्या असतो. तो नसांमधून येतो आणि दारोदार ठोठावत फिरतो. लाळ सोड, घाम सोड, आतडं हलव, लघवीची आठवण दे, डोळ्याची बाहुली बारीक कर, हृदयाला म्हणावं जरा हळू. ही औषधं आधीच जाऊन दाराची कडी धरून बसतात. निरोप्या ठोठावतो, दार काही उघडत नाही. मग पोटातली मुरड थांबते, लघवीची घाई कमी होते, दम्याची नळी सैल होते. पण त्याच वेळी तोंड कोरडं पडतं, शौचाला होत नाही, जवळचं दिसत नाही, छातीत धडधडतं. जिथं पाहिजे तिथं गुण, नको तिथं तोच दुष्परिणाम. जावयासारखं!

गंमत अशी, की हे औषध लागू पडलं की पेशंट खूश होत नाही, घाबरतो. आणि म्हणतो, "बंद करा!" माझी अर्धी प्रॅक्टिस या दोन शब्दांशी भांडण्यात गेली.

◆

पहिला किस्सा माझाच सांगते, म्हणजे पुढे दुसऱ्यांची टिंगल करायला मोकळी.

मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाची तोंडी परीक्षा. माझा नंबर यायच्या आधी तीन पोरं डोळे पुसत बाहेर आलेली. आत एक बाहेरगावचे परीक्षक, चेहरा असा की जन्मात कधी हसले नसावेत. मी बसले. त्यांनी टेबलावरची एक इवलीशी काचेची कुपी उचलली.

"हे काय?"

"ॲट्रोपिन, सर." याच खानदानातलं. एवढं बरोबर आलं. नाव कुपीवर लिहिलेलंच होतं.

"माणसाला दिलं तर काय काय होईल?"

झालं! रात्रंदिवस घोकलेलं सगळं एका क्षणात साफ. जीभ टाळूला चिकटली. छातीत ढोल वाजायला लागला. कान तापले, चेहरा लालबुंद झाला. समोरची कुपी धूसर दिसायला लागली. एक शब्द फुटेना.

सर माझ्याकडे बघत राहिले. मग खुर्चीत मागे टेकून शेजारच्या मॅडमना म्हणाले, "तोंड कोरडं, नाडी जोरात, चेहरा लाल, डोळे मोठे, डोकं कामातून गेलेलं. पोरीने सगळं बरोबर दाखवलं!"

मला वाटलं, सुटले.

"फक्त कपाळावरचा घाम पुसून घ्या," ते म्हणाले. "तेवढाच चुकलाय."

◆

खाली नवरा डोळ्याचा पडदा तपासायच्या आधी थेंब टाकतो. तेही याच खानदानातले. बाहुली मोठी होते, आतलं सगळं दिसतं. पेशंटला मात्र काही तास जवळचं काही दिसत नाही आणि उन्हात डोळे उघडवत नाहीत. म्हणून आम्ही सांगतो, सोबत कोणीतरी आणा, गाडी चालवू नका.

एकदा वणीकडचे एक काका आले. दणकट गडी, शुगरवाले. सोबत बायको आणि पोरगा. थेंब टाकले, तपासणी झाली, पडदा ठीक निघाला. नवऱ्याने विचारलं, "आता घरीच जाणार ना?"

"नाई जी. पोरासाठी पोरगी पाहाले जाऊन राह्यलो. पाहुने वाट पाहून राह्यले."

नवरा म्हणाला, "अहो, मग आधी सांगायचं! तुम्हाला आता समोरच्याचे नाक-डोळे दिसायचे नाहीत."

"मंग काय झालं? पोराले दिसते ना!"

गेले. पुढचं त्यांच्या बायकोने आम्हाला सांगितलं. काकांना बायोडाटा वाचता येईना, पोरीचा फोटो दिसेना, पोहे कुठे आहेत तेही चाचपडून शोधले. काळा गॉगल लावून मुकाट बसले. आता करायचं काय, तर पोरगी बोलत होती ते ऐकत राहिले. पोरगी डी.एड. झालेली, शाळेतल्या पोरांचे किस्से सांगत होती. काका खदाखदा हसले, उठता उठता म्हणाले, "आपल्याले पसंत हाये!" पोरालाही पसंत होतीच. लग्न झालं, सून गुणाची निघाली.

पुढच्या तपासणीला काका पेढे घेऊन आले. "डॉक्टरसाहेब, लहान्या पोराच्या टायमालेही थेंब टाकून द्याजा!"

मागून बायको म्हणाली, "थेंबाचं काई नाई जी. लग्न झाल्यापासून या मानसानं पहिल्यांदा बाईमानसाचं बोलनं पुरं आयकलं!"

◆

एक हेडमास्तर आहेत. औषधाच्या डबीतला कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारे. त्यातले स्पेलिंगही तपासतात.

त्यांना मी लघवीच्या घाईसाठी एक गोळी लिहून दिली. आठवड्याने आले, खुर्चीत कोसळले. "मॅडम, गोळी सोसत नाही. बंद करा. तोंडाला कोरड आहे. शौचाला साफ नाही. फळ्यावरचं अक्षर हलतं. मान जड आहे. आणि विसरायला होतंय, काल वर्गात पानिपतचं सालच आठवेना!"

मी चिंतेत पडले. इतकं सगळं एकदम? "रोज किती वाजता घेता, सर?"

ते घुटमळले. खिशातून पाकीट काढलं. पाकीट सीलबंद!

"सर, तुम्ही एकही गोळी घेतली नाही!"

"तेच तर सांगतोय!" हेडमास्तर म्हणाले. "विसरायला होतंय ना!"

◆

आमच्याकडे खर्रा हा पदार्थ नाही, संस्कृती आहे. सुपारी, तंबाखू, चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घोटायचा, चिमूट गालात ठेवायची आणि जगाकडे तुच्छतेने बघायचं. मी खर्ऱ्याविरुद्ध इतकी भाषणं दिलीत, की वेटिंग रूममधले लोक मी यायच्या आधीच पन्नी सॉक्समध्ये लपवतात.

कोळशाच्या ट्रकवरचा एक ड्रायव्हर होता. त्याला पोटात मुरडा यायचा. तपासण्या केल्या, दुसरं काही निघालं नाही, तेव्हा आतडं शांत करणारी गोळी दिली. तीही याच घराण्यातली. पुढच्या वेळी आला तेव्हा चेहरा पडलेला.

"मुरडा कसा आहे?"

"मुरडा गेला जी. पन खर्रा गेला!"

"म्हणजे?"

"भिजूनच नाई राह्यला ना तोंडात! गालात ठेवतो, तासभर तसाच. रेती चावल्यावानी वाटते. थुकतो म्हनलं तं थुकाच नाई! फेकून देल्लं सगळं."

मला हर्षवायू व्हायचा बाकी राहिला. इतकी वर्षं माझ्या भाषणांनी झालं नाही ते एका गोळीने केलं! धावत खाली गेले, नवऱ्याला सांगितलं. नवरा म्हणाला, "छान. आता तालुकाभर वाटा." कुसुम सिस्टर नुसती "हं" म्हणाली. तिचं "हं" मला कधी आवडत नाही.

पुढच्या खेपेला ड्रायव्हर आला तो गालात फुगा घेऊनच! मी हादरले. "अरे, गोळी बंद केली का?"

"नाई जी, गोळी चालू हाये. मुरडा बी नाई." त्याने पाठीवरच्या पिशवीतून एक स्टीलची डबी काढून मला कौतुकाने दाखवली. "आता मी घरूनच पान्यात भिजवून आनतो!"

कुसुम सिस्टर दाराशीच उभी होती. म्हणाली, "हं."

◆

आमच्या सासूबाईंचं माहेर फुलसावंगी. पण मधे बरीच वर्षं त्या माहेरी जायचंच टाळायला लागल्या. कारण कोणाला सांगत नव्हत्या. एकदा मलाच कानात म्हणाल्या, "सूनबाई, लागली की थांबवतच नाई व. यष्टी थांबवावी किती येळा? मागल्या खेपेले कंडक्टर म्हने, आजी, तुमी मोजून दिलं तं तेवढे स्टॉप लिहून घेतो."

भाचीचं लग्न आलेलं, त्यांचा जीव तिकडे. मी तपासण्या केल्या आणि गोळी सुरू केली. गोळी इतकी लागू पडली, की सासूबाई गावातल्या सगळ्या देवळांना न थांबता जाऊन आल्या.

पण तोंड कोरडं पडलं. आणि सासूबाई म्हणजे बोलणं! सकाळी उठल्यापासून शेजारीण, भाजीवाली, टीव्हीतली बाई, भिंतीवरची पाल, कोणाशीही बोलायला त्यांना चालायचं. आता दोन वाक्यं बोलल्या की जीभ चिकटायची. हातानेच "राहू दे" म्हणायच्या. घरात अशी शांतता पसरली, की घड्याळाची टिकटिक ऐकू यायला लागली. इतकी वर्षं घड्याळ बंद आहे असंच मला वाटायचं.

आठवड्याने सासरे माझ्या खोलीच्या दाराशी आले. ते तहसील कचेरीतून रिटायर झालेले, फाइल पुढे सरकवावी तसं हळू बोलतात.

"सूनबाई, एक विचारायचं होतं."

"बोला ना, बाबा."

"ही गोळी... तब्येतीला काही अपाय नाही ना?"

"तसा नाही. अधूनमधून तपासू."

"मग," इकडेतिकडे बघत ते म्हणाले, "कायमची घेता येते का?"

दुसऱ्या दिवसापासून सासरे रोज सकाळी स्वतः उठून, एका हातात गोळी आणि दुसऱ्या हातात पाण्याचा गिलास घेऊन सासूबाईंच्या पलंगाशी हजर! तिसऱ्या दिवशी सासूबाई तडक माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. ओठ चाटत चाटत म्हणाल्या, "लग्न झाल्यापासून या मानसानं मले कधी पान्याचा गिलास हातात देल्ला नाई. गोळीत काय हाये ते सांग मले!"

आणि बंद केली. कमी डोसची देते म्हटलं, तोंड कमी सुकेल अशी दुसरी देते म्हटलं, छे! लग्नाला गोळी न घेताच गेल्या. एस.टी. वाटेत जिथं जिथं थांबवावी लागली, तिथल्या बायका आता त्यांच्या मैत्रिणी आहेत. दर सणाला फोन येतात.

◆

आता या खानदानाच्या मूळ पुरुषाबद्दल. धोतरा! उकिरड्यावर, बांधावर उगवतो, महादेवाला वाहतो तोच. त्याच्यात हेच औषध भरलेलं असतं, फक्त किती ते त्याच्यावर लिहिलेलं नसतं.

आखाडीची गोष्ट. नवा जावई आखाडीला सासरी येतो, त्याचा पाहुणचार होतो. जवळच्याच एका गावात असाच जावई आलेला. जावयासाठी पाटोडीचा झणझणीत रस्सा, भजी, वडे. घरच्यांनी मात्र बांधावरून खुडून आणलेली रानभाजी खाल्ली, कारण पाटोडी जावयाला कमी पडायला नको. रानभाजीत कोणाच्या तरी हाताने धोतऱ्याचा पाला आला होता.

दुपारी दवाखान्यापुढे पिकअप थांबली. मागे जावई, दोराने बांधलेला! घामाघूम, केस विस्कटलेले, ओरडतोय, "मले नाई, यायले पाहा! यायले पाहा!" त्याच्या बाजूला सासू, सासरा, मेहुणा, बायको, सगळे शिस्तीत बसलेले. शेजाऱ्यांनी सांगितलं, "जावई पागल झाला जी. गावभर पळत सुटला, घरातले सगळे पागल झाले म्हनत होता. घरात जाऊन पाह्यलं तं सगळे शांत बसून! सासऱ्यानंच सांगतलं, जावयाले बांधा."

सासरा गंभीरपणे माझ्याकडे वळला. "व्हय, डॉक्टरीनबाई. लई चांगला पोरगा होता." आणि हातात नसलेल्या कपातून चहाचा घोट घेतला.

मी आणि सिस्टरने एकमेकींकडे बघितलं. सिस्टरने टॉर्च काढला. जावयाच्या बाहुल्या चोख. घामही चांगला भरपूर. बाकी सगळ्यांच्या बाहुल्या सुपारीएवढ्या, अंग तापलेलं आणि घामाचा थेंब नाही! तेवढ्यात सासूने जावयाच्या पाठीवरून हात फिरवला, बैलाला चुचकारतात तसा आवाज काढला आणि त्याच्या तोंडापुढे अंगाखालची चादर धरली. "खा राजा, सकाळपासून उपाशी हाये."

जावयाला सोडलं, बाकीच्यांना भरती केलं. दुसऱ्या दिवशी सगळे ताळ्यावर आले. सासू तोंड लपवून बसलेली. शेवटी म्हणाली, "जावईबापू, पाहुनचारात काई कमी पडलं असन तं पोटात घाला."

जावई मनगटावरचे दोराचे वळ चोळत होता. म्हणाला, "पुढच्या टायमाले मले बी सगळ्यायच्या ताटातलंच वाढा. पागल व्हाचं तं सगळ्यायसंग व्हावं. एकटा शहाना राह्यला की बांधते!"

◆

हे झाले गमतीचे. पण फवारणीचे दिवस आले की आमच्या वरच्या मजल्यावर याच औषधाकडे कोणी हसून बघत नाही. कपाशी डोक्याएवढी वाढलेली असते, माणूस पंप पाठीवर घेऊन त्यात शिरतो, वारं फिरतं आणि फवारा अंगावर येतो. फवाऱ्याचं विष त्या निरोप्याला आवरणाऱ्यालाच मारून टाकतं. मग निरोप्या सुटतो मोकाट. सगळी दारं सताड! तोंडातून लाळेच्या तारा, डोळ्यांतून पाणी, अंगाला घामाच्या धारा, छातीत फेस, नाडी मंद. माणूस कोरड्या जमिनीवर, स्वतःच्याच पाण्यात बुडतो. तेव्हा ॲट्रोपिन द्यायचं, परत द्यायचं, वाढवत जायचं, छाती कोरडी होईपर्यंत. मग सलाईनमधून थेंब थेंब चालू ठेवायचं.

गेल्या हंगामात असाच एक तरुण शेतकरी आला, अरुण. सोबत म्हातारा बाप आणि बायको वैशाली. आला तेव्हा छातीतून हुक्क्यासारखी गुडगुड. इंजेक्शनं सुरू केली, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत छाती साफ झाली. नाडी सुधारली. मी सुटकेचा श्वास टाकते न टाकते, तोच अरुण बडबडायला लागला. कोणाला ओळखेना. डोळे वर छताला लावून चादरीवरून, हवेतून काहीतरी चिमटीने टिपायला लागला.

हे ॲट्रोपिनचंच काम. डोस थोडा जास्त झाल्याची खूण. मी थेंब कमी केले. पण बंद करता येत नव्हतं. विष अंगात होतं. बंद केलं असतं तर छाती परत भरली असती.

म्हातारबुवांनी तोपर्यंत गावाकडून जीप बोलावली होती. दोन पुतणे जिना चढून वर आले.

"मॅडम, हे बंद करा," म्हातारबुवा म्हणाले. "पोरगं आलं तवा मले 'बाबा' म्हनलं होतं. तुमी सुई लावली अन् पागल झालं. आमी त्याले आमच्या गावच्या बाबाकडे नेतो. झाडून देईन तो."

मी समजावलं. निरोप्या सांगितला, दारं सांगितली, कडी सांगितली. अगदी घसा कोरडा होईपर्यंत. म्हातारबुवांनी सगळं शांतपणे ऐकलं.

"समजलं का, बाबाजी?"

"समजलं."

"काय समजलं?"

"की तुमाले बी नक्की समजून नाई राह्यलं."

मी स्टेथोस्कोप काढून त्यांच्या कानाला लावला, टोक अरुणच्या छातीवर ठेवलं. "ऐका. काल इथं गुडगुड होती. आज ऐकू येते का?"

"मले मायाच डोक्यातलं आयकू येऊन राह्यलं," म्हातारबुवा म्हणाले आणि नळ्या काढून माझ्या हातात दिल्या. "उचला रे त्याले."

एक पुतण्या सलाईनच्या नळीकडे वळला. कुसुम सिस्टर मधे उभी राहिली. "नळीले हात लावला तं पाहा!" ती म्हणाली. पण तिलाही माहीत होतं, नेतो म्हणाले तर आम्ही त्यांना बांधून ठेवू शकत नव्हतो. जीपमध्ये अर्ध्या वाटेत काय होईल तेही आम्हाला माहीत होतं.

वैशाली कालपासून कोपऱ्यात उभी होती. डोक्यावरून पदर, सासऱ्यासमोर शब्द नाही. ती पुढे आली.

"मामाजी, ते काय करून राह्यले, पाह्यलं का तुमी?"

"पागल झाला. अजून काय पाहाचं?"

"कापूस वेचून राह्यले."

सगळे बघायला लागले. खरंच! तीन बोटांनी बोंडातून कापूस ओढावा तशी चिमूट. चिमूट डाव्या मुठीत. मूठ भरली की हात पलंगाबाहेर जायचा आणि खाली मोकळा व्हायचा. परत चिमूट.

"लग्न झाल्यापासून या मानसानं बोंडाले हात नाई लावला," वैशाली म्हणाली. "बायायचं काम म्हने. मी कमरीतून वाकून जाओ, पन हे धुऱ्यावर बसून फोन पाहे. आज पहिल्यांदा वेचाले लागले, अन् तुमी वावरातून उठवून नेता?"

एका पुतण्याला फसकन हसू आलं. म्हातारबुवांनी त्याच्याकडे डोळे वटारले, पण त्यांच्याही मिशा हलल्या.

वैशाली पलंगाशी खाली बसली, पदर पसरला आणि अरुणच्या हाताखाली धरला. "अहो, इथं टाका. मातीत नोका टाकू, खराब होते." मग सासऱ्याकडे न बघता म्हणाली, "अर्धं वावर ठेवून कोनी घरी जाते का, मामाजी? त्यायचं पुरं होऊ द्या."

अरुणचा हात यायचा, पदरावर मोकळा व्हायचा, परत जायचा. शेवटी म्हातारबुवा खिडकीपाशी गेले आणि खाली ओरडले, "गाडी घेऊन जाय रे! वेचनी चालू हाये!"

मग त्यांनी स्टूल ओढलं. खांद्यावरचा दुपट्टा काढून सुनेला दिला. "पदर पुरते का तुले? हे घे." आणि संध्याकाळपर्यंत तिथंच बसून होते. अधूनमधून अरुणला म्हणायचे, "त्या कोन्यातलं राह्यलं, पाहाय." आणि अरुण खरोखरच त्या कोपऱ्याकडे हात वळवायचा! मी दर थोड्या वेळाने छाती ऐकत होते. कोरडी. थेंब आणखी कमी केले.

दुसऱ्या दिवशी सकाळी हात थांबला. अरुणने डोळे उघडले, पाणी मागितलं, आणि बायकोच्या मांडीवरचा दुपट्टा बघून विचारलं, "हे काय पसरून बसली व?"

"तुमीच भरला," वैशाली म्हणाली. तिने दुपट्ट्याची चारही टोकं गोळा केली आणि घट्ट गाठ मारली.

छाती परत भरत नाही याची खात्री करून काही दिवसांनी आम्ही त्याला घरी सोडलं. न्यायला तीच जीप आली होती. कुसुम सिस्टर पलंग आवरत होती. उशाशी ते गाठोडं होतं. तिने ते उचललं, हलकं लागलं, तेव्हा घडी करून द्यावी म्हणून गाठ सोडायला लागली.

"राहू द्या, सिस्टर," वैशालीने घाईघाईने ते तिच्या हातातून घेतलं. "घरी जाऊन सोडतो."

ती ते छातीशी धरून जिना उतरली. अरुण हळूहळू तिच्या मागे. म्हातारबुवा आधीच जीपमध्ये बसले होते. त्यांनी सरकून सुनेला खिडकीपासून लांबची जागा करून दिली.

"जपून धर, सूनबाई," ते म्हणाले. "रस्ता खराब हाये, सांडन."